माणूस पाहून पासवर्ड: कुणाला शब्द, कुणाला आकार, कुणाला आकडे

पासवर्ड विसरला की घरात आणि सेवा केंद्रात एकच उपाय होतो: आणखी सोपा ठेवा. मग नाव आणि पुढे १२३, नाहीतर गाडीच्या पाटीवरचं एमएच ११. महिन्याभरात तोही विसरला जातो. अवघडपणा हे विसरण्याचं कारण क्वचितच असतं. शब्द लक्षात ठेवणाऱ्याच्या हाती ठिपक्यांचा पॅटर्न दिलेला असतो, आकार लक्षात ठेवणाऱ्याला इंग्रजी अक्षरं पाठ करायला लावलेली असतात, आणि गर्दीच्या पानावर ज्याची नजर हरवते त्याला जाहिरातींनी भरलेल्या संकेतस्थळावर बसवलेलं असतं. सोपा पासवर्ड दुसऱ्यालाही सोपाच. साताऱ्यात ४१५००१ आणि सांगलीत ४१६४१६ हे पिनकोड सहा आकडी पिन म्हणून ठेवले, तर गावातलं कुणीही ते पहिल्या दमात टाकून पाहील.

ही पद्धत दुसऱ्यांचं लॉगिन बसवून देणाऱ्यांसाठी आहे: आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे, विकास सोसायटीचे आणि दूध संस्थेचे सचिव, पतसंस्थेच्या काउंटरवरचे कर्मचारी, आणि घरातली ती मुलगी किंवा सून, जिच्याकडे सगळ्यांचे फोन येतात. एका माणसामागे पहिल्यांदा अर्धा तास लागतो. त्या बदल्यात दर आठवड्याचं "पासवर्ड विसरलात?" थांबतं.

एक इशारा आधीच. "मी व्हिज्युअल आहे", "मला ऐकूनच कळतं" असं माणसं स्वतःबद्दल सांगतात. त्यावर काही ठरवू नका. शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं की जास्त कळतं, या समजुतीला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली आढावा घेऊन मांडलं. लॉगिनच्या बाबतीत शिक्का मारायची गरजही नाही. माणसाला खरं काम करायला लावा आणि हात, ओठ, नजर पाहा.

चार चाचण्या

पहिल्यांदा चष्मा. जवळचा चष्मा घरी राहिला असेल तर पुढचं सगळं खोटं निघतं. दुसरं, अक्षर वाचता येतं का, आणि कोणत्या लिपीत. हे चारचौघांत विचारू नका. समोर एक साधा कागद ठेवून "हे जरा वाचता का" म्हणा.

मग पहिली चाचणी. एका ताटात घरातल्या दहा वस्तू ठेवा: पळी, कुलूप, कात्री, लिंबू, सुतळी, असं काहीही. न बोलता वीस सेकंद दाखवा आणि झाका. त्यानंतर वेगळ्याच दहा वस्तूंची नावं नुसती वाचून दाखवा, दोन सेकंदांना एक. दहा मिनिटं दुसरं काम करा, अर्ज भरा, चहा घ्या. मग दोन्हींतलं काय आठवतं ते विचारा आणि मोजा. पाहिलेलं बहुतेकांना थोडं जास्त आठवतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ॲलन पायविओ यांनी १९७१ साली त्याचं कारण मांडलं होतं: पाहिलेली वस्तू चित्र म्हणूनही साठते आणि तिच्या नावानंही साठते, ऐकलेला शब्द बहुधा एकाच वाटेनं. म्हणून पाहिलेल्या वस्तू दोनतीननं जास्त आठवल्या तर तो निकाल समजू नका. चार किंवा जास्त फरक असेल तर माणूस चित्रानं लक्षात ठेवतो. ऐकलेली नावं बरोबरीनं किंवा जास्त आठवली, तर तो पक्का शब्दांचा.

दुसऱ्या चाचणीसाठी महावितरणचं विजेचं बिल घ्या, शक्यतो शेजाऱ्याचं, म्हणजे पाठ असलेलं नको. "यातला बारा आकडी ग्राहक क्रमांक दाखवा" म्हणा आणि घड्याळ लावा. दहा सेकंदांत बोट जागेवर गेलं तर पसाऱ्यातून हवं ते वेगळं काढण्याची सवय आहे. तीस सेकंदांनंतरही बोट बिलभर फिरत असेल, तर हा माणूस पान अखंड बघतो. त्यातला तुकडा त्याला सुटा दिसत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्मन विटकिन यांनी याच फरकावर आयुष्यभर काम केलं. अंधाऱ्या खोलीत तिरक्या चौकटीतली काठी सरळ उभी करायला सांगायची: काहींची काठी चौकटीबरोबर तिरकी होते, काहींची होत नाही. पुढे १९७१ साली त्यांच्या गटानं गुंतागुंतीच्या नक्षीत दडलेली साधी रूपं शोधायची लेखी चाचणी छापली. विजेच्या बिलाची मोजदाद तितकी काटेकोर नाही, पण लॉगिनचं पान बिलासारखंच भरलेलं असतं, म्हणून कामाला पुरते. याचा बुद्धीशी संबंध लावू नका. अखंड बघणारी माणसं माणसांत आणि बोलण्यात फार तरबेज असू शकतात.

तिसरी: कागदावर सहा आकडे लिहा, पाच सेकंद दाखवा, उलटा करा, दहा सेकंद गप्पा मारा आणि लिहायला सांगा. तीनदा करा. तीनपैकी दोनदा चुकलं तर ओटीपीचा मेसेज पाहून दुसऱ्या पडद्यावर टाकणं या माणसाला जड जाणार.

चौथी म्हणजे फक्त पाहणं. त्याच्या पाठ असलेला एखादा फोन नंबर फोनवर टाकायला सांगा. खरा पिन कधीही मागू नका. ओठ हलले, पुटपुटणं आलं तर तो आकडे शब्दांत ठेवतो. ओठ बंद आणि बोट सरसर गेलं, आणि नंतर "तोंडानं सांगा" म्हटल्यावर अडला, तर नंबर हातात बसला आहे. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराचा हात पडदा कुठे बांधायचा ते जाणतो, पण इंचात सांगा म्हटलं तर त्याला थांबावं लागतं, तसं.

शब्दांच्या माणसाला

यांना चार-पाच शब्दांचा लांब पासवर्ड द्या. शब्द मनानं निवडू देऊ नका. मनानं निवडले की देव, नातवंडं, गाव आणि शिवरायांचं जन्मवर्ष येतं. अभंगाची ओळ, ओवी, म्हण हेही नको. पाठ असलेली ओळ दुसऱ्यालाही पाठ असते. सुमारे ६०० पानांचा मराठी शब्दकोश घ्या. ० ते ९ अशा दहा चिठ्ठ्या करा, एक काढा, परत टाका, असं तीनदा. आलेला आकडा हे पान. ६०० च्या वर किंवा तीन शून्यं आली तर पुन्हा. त्या पानावरचा पहिला ओळखीचा, बोलण्यातला शब्द घ्या. अशा चार शब्दांचे सुमारे १३० अब्ज प्रकार होतात, पाच शब्दांचे सुमारे ७८ हजार अब्ज. चुकीचे प्रयत्न मोजून कुलूप लावणाऱ्या ठिकाणी चार पुरतात. ईमेलला पाच ठेवा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात.

आता खरी मराठी अडचण. शब्द डोक्यात देवनागरीत आहे आणि टाकायचा रोमनमध्ये. रोमन मराठीला ठरलेलं स्पेलिंग नाही. "वाटी" कधी व्ही-नं, कधी डब्ल्यू-नं. "कढी"च्या शेवटी कधी एक आय, कधी दोन ई. "ज्ञान" तर तीन तऱ्हांनी लिहितात. माणूस शब्द विसरत नाही, स्पेलिंग विसरतो, आणि दोष पासवर्डला देतो. म्हणून प्रत्येक घराचा स्पेलिंगचा एकच नियम ठरवा आणि तो वहीत लिहा. तो गुपित नाही. कुठलंही अक्षर सलग दोनदा नाही, म्हणजे आ असो की अ, एकच ए. ई असो की इ, एकच आय. व नेहमी व्ही. ळ नेहमी एल. श आणि ष दोन्ही एस-एच. ज्ञ, क्ष, ऋ आणि जोडाक्षरं असलेले शब्द टाकून द्या, दुसरा शब्द काढा. मोर, ढग, मका यांसारखे शब्द उत्तम. (हेच ठेवू नका.)

प्रत्येक शब्द वेगवेगळ्या वेळी तीनदा टाइप करून घ्या, साध्या नोटमध्ये, आधीचं झाकून. तीनही वेळा सारखा आला तरच तो ठेवायचा. मग चारही शब्दांचं एक चित्र किंवा वाक्य त्याच माणसाला जोडू द्या. जितकं अजब तितकं बरं. तुम्ही जोडून दिलेलं तुमच्या लक्षात राहील, त्याच्या नाही.

संकेतस्थळ मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह मागतंच. ते नेहमी एकाच जागी: पहिलं अक्षर मोठं, शब्दांमध्ये टिंब, शेवटी एक आकडा. ताकद शब्दांत आहे, म्हणून हा साचा दुसऱ्याला कळला तरी मोठं नुकसान नाही. मधल्या ए-ला ॲट आणि एस-ला डॉलर करण्याच्या कसरती टाळा. त्या चोराच्या यादीत आधीच असतात, आणि कोणतं अक्षर बदललं होतं हे विसरायला मात्र फक्त मालक विसरतो. काही ठिकाणी पंधरा किंवा वीस अक्षरांची मर्यादा असते. तिथे शब्द तोडू नका, लहान शब्द निवडून तीनच ठेवा.

ऑफिसात दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायला लावत असतील तर चारपैकी एक अख्खा शब्द बदला, शेवटचा आकडा एकानं वाढवू नका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शिकेत अशी ठरावीक मुदतीची सक्ती नको, चोरी झाल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदल मागा, असं सांगितलं. पतसंस्थेच्या किंवा कारखान्याच्या संगणक विभागाला हे दाखवण्यासारखं आहे. सक्ती असली की पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर जातो.

चित्रांच्या माणसाला

इथे आधी एक फरक समजून घ्या: ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. १९६७ साली रॉजर शेपर्ड यांनी माणसांना सहाशेवर चित्रं दाखवली आणि मग जोड्यांमधून आधी पाहिलेलं कोणतं ते विचारलं; जवळजवळ सगळी बरोबर आली. चित्रांचा हा मोठा फायदा ओळखण्यात आहे. बँकेचा पासवर्ड ओळखायचा नसतो, रिकाम्या चौकोनासमोर आठवायचा असतो. नऊ चेहऱ्यांतून आपला चेहरा निवडायच्या पद्धती तयार झाल्या, विंडोज ८ मध्ये २०१२ साली फोटोवर तीन खुणा करून उघडायची सोय आली, पण आपल्या रोजच्या सरकारी आणि बँकेच्या कामांत हे मिळत नाही. चित्राच्या माणसाला थेट चित्राचं मिळतं ते फक्त फोनच्या कुलुपावर. बाकी ठिकाणी पूल बांधावा लागतो.

फोनचा पॅटर्न. नऊ ठिपके, कमीत कमी चार जोडायचे. एकूण प्रकार ३,८९,११२. सहा आकडी पिनचे १० लाख. चारच ठिपके घेतले तर प्रकार फक्त १,६२४, म्हणजे चार आकडी पिनच्या दहा हजारांपेक्षाही कमी. सहा ठिपक्यांना २६,०१६, सातांना ७२,९१२. म्हणून सातपेक्षा कमी नको. नॉर्वेच्या मार्टे लोगे यांनी २०१५ साली लोकांनी काढलेले पॅटर्न तपासले तेव्हा ४४ टक्के वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू झालेले निघाले, आणि पुष्कळांनी इंग्रजी अक्षरच काढलं होतं. सुरुवात मधल्या कडेच्या ठिपक्यावरून करा, निदान एकदा रेघ स्वतःला छेदू द्या. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. ठिपका सोडून वळण घेणं त्यांच्या बोटांत असतं. "रांगोळीचा कोपरा काढा, पण पूर्ण करू नका" एवढं म्हटलं की सात ठिपके सहज येतात.

पॅटर्न दुरून दिसतो, हा त्याचा मोठा दोष. काउंटरवर रांगेत उभा असलेला माणूस आकडे पाहून सहज धरू शकत नाही, पण रेघ एका नजरेत धरतो. काचेवर बोटाचा डागही उरतो; पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली तो डाग वाचून पॅटर्न काढता येतो हे दाखवलं. सेटिंगमध्ये पॅटर्नची रेघ दिसणं बंद करता येतं. पण लगेच करू नका. चित्राच्या माणसाला ती रेघच आधार असते. आठवडाभर घरात चालू ठेवा, मग बंद करा.

पिनसाठी पूल म्हणजे कीपॅडवरचा आकार. सहा आकडे एका वळणात बसवले की हे लोक विसरत नाहीत. इथे नेमकं काय बिघडतं ते सांगायला हवं. फोनवर आणि एटीएमवर वरच्या ओळीत १-२-३ असतं. संगणकाच्या उजवीकडच्या आकड्यांवर आणि कॅल्क्युलेटरवर वर ७-८-९. आकार तोच काढला की पिन चुकतो, आणि माणसाला वाटतं खातं बंद झालं. काही बँकांच्या पडद्यावरचा कीपॅड तर दर वेळी आकडे फिरवतो. तिथे आकाराचा काहीच उपयोग नाही. यासाठी ठेवतानाच पिन एकदा तोंडानं, एकट्यात, तीनदा म्हणायला लावा. आकार रोजचा, शब्द अडीअडचणीचा.

लांब पासवर्डसाठी त्याला त्याच्याच घरातून चालवा. सोपा (म्हणजे ओसरी), माजघर, देवघर, स्वयंपाकघर, परसदार. कोशातून निघालेला पहिला शब्द सोप्यात ठेवा, दुसरा माजघरात. मोर सोप्यात झोपाळ्यावर बसलाय, माजघरात ढग साठलाय. पासवर्ड टाकताना मनानं घरात शिरायचं आणि क्रमानं बघत जायचं. क्रम चुकत नाही, कारण घर बदलत नाही. फ्लॅट असेल तर दार, हॉल, बाल्कनी, मोरी, काहीही चालेल. वाट मात्र एकच.

आकडे बोलताना

सहा आकडे सहा वेगळे तुकडे म्हणून धरणं जड जातं, तीन जोड्या हलक्या. मराठीत प्रत्येक जोडीला स्वतःचा शब्द आहे: ३७४१८८ म्हणजे सदतीस, एक्केचाळीस, अठ्ठ्याऐंशी. ओठ हलवणाऱ्या माणसाला पिन असाच द्या, तीन शब्दांचा. ज्यांनी जुन्या शाळेत पाढे म्हटलेत त्यांना हे फार चांगलं जमतं.

पण हीच भाषा दुसऱ्याला फोनवर आकडे सांगताना घात करते. मराठीत एकक आधी बोललं जातं; त्रेचाळीसमध्ये तीन आधी ऐकू येतो, आणि घाईत ३४ लिहिलं जातं. एकोणसाठ ऐकून बोट सहाकडे जातं. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, सदतीस आणि सत्तावीस फोनवर सारखे वाटतात. इंग्रजी माध्यमातल्या नातवाला तर एकोणऐंशी म्हणजे किती हेच थांबून आठवावं लागतं. म्हणून नियम साधा: स्वतः लक्षात ठेवताना जोडीनं, दुसऱ्याला अर्जाचा क्रमांक किंवा ग्राहक क्रमांक सांगताना एकेक आकडा. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगायचाच नाही, जोडीनं नाही आणि एकेकही नाही.

तिसऱ्या चाचणीत चुकलेल्यांना ओटीपी पाठ करायला लावूच नका. मेसेज आल्यावर वर झळकणाऱ्या पट्टीत अनेक फोन "कॉपी" दाखवतात, काही ॲप ओटीपी आपोआप उचलतात. ते वापरायला शिकवा. ते नसेल तर कागदाच्या तुकड्यावर लिहा, टाका, फाडा. पाटण किंवा जावळीच्या डोंगरपट्ट्यात मेसेज उशिरा येतो, माणूस घाबरून "पुन्हा पाठवा" दोनदा दाबतो, आणि मग तीन ओटीपी एकदम येतात. नवा मागवला की बहुतेक ठिकाणी जुना बाद होतो. दाबल्यावर पूर्ण एक मिनिट हात मागे ठेवायचा. तीन आलेच तर सर्वांत शेवटचा टाकायचा.

ई-पीक पाहणीचा, म्हणजे पिकाची नोंद करायच्या सरकारी ॲपचा, चार आकडी सांकेतांक हे आणखी एक प्रकरण. तो माणूस ठरवत नाही, त्याला दिला जातो, त्यामुळे कुणाच्याच डोक्यात बसत नाही आणि हंगामात दोनदाच लागतो. तो पाठ करण्यात शक्ती घालवू नका. "सांकेतांक विसरलात" हे बटण कुठे आहे तेवढं दाखवा.

पान अखंड बघणाऱ्याला

विजेच्या बिलावर बोट फिरत राहिलेल्या माणसाला पासवर्ड छान आठवतो, पण तो कुठे टाकायचा ते सापडत नाही. शोधून उघडलेल्या पहिल्या पानावर बातम्यांच्या पट्ट्या, मंत्र्यांचे फोटो, चार रंगांची बटणं. उपाय पासवर्डात नाही, पानात आहे. थेट लॉगिनच्या पानाची खूण ब्राउझरमध्ये करून फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवा. संगणकावर कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबून पान १५० टक्के करा. बाजूचा पसारा बाहेर जातो. ॲप असेल तर संकेतस्थळाऐवजी ॲप. पहिले काही दिवस पोस्टकार्डाला खिडकी पाडून ती पडद्यावर धरली तरी चालते. बालिश दिसतं, पण नजर लवकर शिकते.

याच माणसाला खोट्या पानाचा धोका सर्वांत जास्त. रंग, बोधचिन्ह, मांडणी ओळखीची दिसली की त्याला पान खरं वाटतं, आणि ते सगळं नक्कल करता येतं. त्याला एकच तुकडा बघायला शिकवा. तळहातानं पूर्ण पान झाका, फक्त वरची पत्त्याची पट्टी उघडी ठेवा आणि सुरुवातीच्या दोन जोडीच्या तिरक्या रेघा दिसत असल्या तर त्या सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवट वाचायला लावा. सरकारी असेल तर शेवट जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या शेवटाच्या पत्त्यावर जावं असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता, म्हणून बँकेचं पान त्याच शेवटानं ओळखा. ब्राउझरच्या किंवा फोनच्या पासवर्ड साठवणुकीचा इथे मोठा आधार होतो. ती पत्ता अक्षरन् अक्षर जुळल्याशिवाय पासवर्ड भरत नाही. एरवी आपोआप भरला जाणारा चौकोन रिकामा राहिला, तर हातानं टाकू नका, थांबा.

कॅप्चाचं थोडक्यात. महाभूलेखवर सातबारा पाहताना वेडीवाकडी अक्षरं येतात. शून्य की ओ, एक की एल असा संशय आला तर अंदाज करू नका. गोल बाणाचं बटण दाबून दुसरं मागवा. एकानं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचं, दुसऱ्यानं टाकायचं. लहान-मोठं अक्षरही बोलून सांगायचं.

बोटावर विसंबण्याआधी

ऊस तोडणारे, गवंडी, हळद शिजवण्या-वाळवण्याच्या कामातले, यांच्या बोटांचे ठसे घासलेले असतात. अंगठ्याऐवजी अनामिका आणि करंगळी नोंदवून पाहा, दोन्ही हातांची. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, आणि नोंदवताना बोटाच्या कडाही टेकवा.

ठसा चालला तरी पिन सुटत नाही. फोन बंद करून सुरू केला की तो पिन किंवा पॅटर्न मागतोच, आणि अँड्रॉइड अधूनमधूनही मागतो. रोज ठशानं उघडणारा माणूस पिन दोन महिन्यांत विसरतो. हातातही राहत नाही, तोंडातही नाही. दर सोमवारी एकदा ठसा न वापरता पिननं उघडायची सवय लावा. पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनच्या कुलुपानंच खातं उघडायची सोय, वापरणाऱ्यांना तर हे दुप्पट लागू, कारण तिथे फोनचं कुलूप हीच खात्याची किल्ली असते.

चूक कशी झाली ते वाचा

नवं लॉगिन बसवल्यावर अर्ध्या तासानं, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि आठव्या दिवशी टाकून घ्या. विसरणं सर्वांत वेगानं सुरुवातीलाच होतं. म्हणून पहिल्या दिवशीची उजळणी मोलाची. चुकलं तर "चुकलं" एवढंच लिहू नका, कसं चुकलं ते लिहा.

शब्द बरोबर पण क्रम उलटा: घरातून चालण्याची पद्धत वापरा. एकच अक्षर वेगळं: स्पेलिंगचा नियम मोडला गेलाय, तो शब्द बदला. आकार बरोबर पण एक ठिपका सरकलेला: सुरुवातीचा ठिपका लक्षात नाही, त्याला नाव द्या. पासवर्ड बरोबर पण दुसऱ्याच खात्याचा: दोन पासवर्ड फार सारखे आहेत, एकाचे शब्द पूर्ण बदला. फोनवर जमतं, संगणकावर नाही: हाताची आठवण आहे, तोंडानं म्हणून घ्या. आणि सगळं बरोबर असूनही नाकारलं जात असेल तर वापरकर्त्याचं नाव तपासा. फोनचा कीबोर्ड तिथे पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि सुचवलेला शब्द निवडला की मागे एक रिकामी जागा सोडतो. ती दिसत नाही. शेवटी बोट ठेवून एकदा मागे खोडा. मराठी कीबोर्ड चालू राहून देवनागरी आकडे जाण्याचाही प्रकार होतो. चौकोन ते घेत नाही आणि कारणही सांगत नाही.

दोनदा चुकलं की तिसरा प्रयत्न लगेच करू नका. अनेक बँकांत तिसऱ्या चुकीनंतर पिन दिवसभरासाठी बंद होतो. चहा घ्या, वही बघा, मग टाका.

वही ठेवा. घरातल्या कपाटात, एकच, कव्हरवर काही न लिहिता. पासवर्डाचे शब्द त्यात चालतील; पिन नको. फोनच्या कव्हरमागची चिठ्ठी आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला पासवर्ड आज काढून टाका. सेवा केंद्रात पासवर्ड ठेवायची वेळ आली की खुर्ची फिरवा, कीबोर्ड त्या माणसाकडे द्या आणि पडद्यापासून तोंड वळवा, रांग कितीही असली तरी. केंद्रचालकानं ठेवलेला पासवर्ड केंद्रचालकाच्याच डोक्याला जुळतो, आणि पुढच्या वेळी शेतकऱ्याला पुन्हा त्याच दारात यावं लागतं.

पैसे गेल्याचा संशय आला तर पासवर्ड बदलत बसू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला फोन, मग बँकेला.